एआयचा नकाशा जरूर घ्या, पण आधी गल्लीत आणि शिवारात नेऊन तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात कुठल्याही सभेला जा, एआयचा विषय निघतोच. कारखान्याच्या सभेत उसासाठी एआय, पुराच्या आढाव्यात एआय, पीक पाहणीत एआय, आणि पुराचे पंचनामे पण सॅटेलाइटवरून करून टाकू म्हणजे तलाठ्याला चिखल तुडवायला नको, असं म्हणणारी माणसंही भेटायला लागलीत. मी कॉलेजात भूगोल शिकवतो, नकाशे हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळं हे सगळं ऐकून आनंदही होतो आणि पोटात गोळाही येतो. दोन्ही का होतं ते सविस्तर लिहितोय. पत्र जरा लांबलंय, पण विषय आपल्या घराचा, शेताचा आणि डोंगराचा आहे म्हणून जागा द्यावी ही विनंती.

आधी आनंदाचं. आम्ही शिकत होतो तेव्हा टोपोशीट, म्हणजे सर्व्हे खात्याचा डोंगर-नद्यांसकट बारीक नकाशा, हातात मिळणं हीच मोठी गोष्ट होती, डिपार्टमेंटच्या कपाटात कुलपात ठेवलेल्या असायच्या, कडा फाटलेल्या, मागून कापड चिकटवलेलं, आणि त्यावरचा सर्व्हे आमच्या जन्माच्या आधीचा. सॅटेलाइटचं चित्र पाहिजे तर पैसे भरून मागवायचं आणि वाट बघत बसायचं. २००८ साली अमेरिकेनं लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांचा १९७२ पासूनचा सगळा साठा फुकट खुला केला, २००९ ला आपल्या इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ आलं, २०१४ पासून युरोपचे सेंटिनेल उपग्रह आले तेही फुकट, आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नकाशे आणि सर्व्हेवरचे जुने निर्बंध बरेच सैल केले. आज भुदरगडच्या वाडीवरची मुलगी घरच्या जुन्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस हे नकाशे करायचं फुकट सॉफ्टवेअर टाकते आणि आपल्या वाडीवरचे झरे, विहिरी, कुठलं पाणी मार्चला आटतं कुठलं मेपर्यंत टिकतं, हे मोबाइलच्या जीपीएसवर टिपून नकाशा करते. असा नकाशा आजवर कुठल्याच ऑफिसात नव्हता. ही ताकद खरी आहे आणि तिला नावं ठेवायला मी बसलेलो नाही.

पुराचंच घ्या. २०१९ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर (जिथं नदीची पातळी मोजतात) ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ ला ५६ च्या वर. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आकडे कोल्हापुरात पोराबाळांना पाठ आहेत. अशा गावाला दोन दिवस आधी पक्कं कळलं तर किती जनावरं, किती संसार वाचतील ते सांगायला नको. गूगलनं २०१८ मध्ये पाटण्याजवळ पुराच्या अंदाजाचं काम सुरू केलं आणि मार्च २०२४ मध्ये त्यांच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की त्यांचं एआय मॉडेल मोठ्या पुराचा अंदाज पाच दिवस आधी जितका देतं तितका, आधीची जागतिक यंत्रणा त्या दिवसाच्या दिवशी देत होती. ज्या नद्यांवर पाणी मोजायचं एकही ठिकाण नाही तिथं पण ते चालतं. हे मोठं काम आहे, मनापासून मानतो.

पण आपली पंचगंगा मोकळी वाहणारी नदी नाही हो. वर कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सगळ्यांवर धरणं. राधानगरीचे सात दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एका दरवाजातून १४२८ क्युसेक, आणि तिसरा उघडला, पाचवा उघडला ही बातमी आली की इथं लोक सामान माळ्यावर चढवायला लागतात. खाली नृसिंहवाडीला कृष्णा फुगलेली असली की आपलं पाणी पुढं सरकतच नाही, पाऊस थांबला तरी पातळी तिथंच. मध्ये शिरोलीजवळ हायवेचा भराव, जो हायवे २०१९ ला पण आणि २०२१ ला पण पाण्याखाली जाऊन बंद पडला. पावसावरून नदी ओळखायला शिकलेल्या मॉडेलला दरवाजा कधी उघडला, कृष्णा किती आहे हे कुणीतरी सांगितलं तरच कळणार. आणि ते आकडे सगळ्यांना वेळेवर, एका जागी, वापरता येतील अशा रूपात मिळतात का? व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड झालेल्या फोटोत मिळतात. मॉडेल कितीही हुशार असू दे, त्याला खायला काय घालताय त्यावर पुढचं सगळं ठरतं.

दुसरी गोष्ट उंचीची, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाणी कुठवर येईल हे सांगायला जमिनीची उंची लागते. फुकट मिळणाऱ्या आणि सगळीकडं वापरल्या जाणाऱ्या उंचीच्या डेटात सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे एसआरटीएम, फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलनं ११ दिवस फिरून रडारनं मोजलेला. चांगलाच आहे, मी स्वतः शिकवतो. पण त्यात १६ मीटरपर्यंतची चूक चालेल असं सुरुवातीलाच धरलेलं होतं, प्रत्यक्षात ती बऱ्याच ठिकाणी कमी निघाली तरी काही मीटर आहेच, आणि झाडाचा शेंडा, घराचं छप्पर यांची उंची त्यात जमीन म्हणून मिसळलेली असते. नंतरचा युरोपचा कोपर्निकस डेटा बराच सुधारलेला, पण त्यालाही चार मीटरची मर्यादा लिहिलेली आहे. आता आपलं गणित बघा. इशारा ३९ फूट आणि धोका ४३ फूट यात फरक चार फुटांचा, म्हणजे सव्वा मीटरसुद्धा नाही. ज्या डेटाची चूक काही मीटरची, त्याच्यावर बसून सव्वा मीटरचा फरक गल्लीनिहाय रंगवायचा आणि हे घर बुडणार ते नाही असं सांगायचं, हे बरोबर आहे का? स्क्रीनवर मात्र तो नकाशा इतका देखणा दिसतो, निळ्या रंगाच्या छटा, घराघरापर्यंत झूम होतोय, की बघणाऱ्याला वाटतं एवढं स्पष्ट दिसतंय म्हणजे बरोबरच असणार.

याच नकाशांवर पुढं पूररेषा, त्यावर बांधकाम परवानगी आणि त्यावर लोकांचे फ्लॅट. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा. दोन वर्षांच्या अंतरानं दोन महापूर बघितलेल्या गावाला हे शब्द ऐकून काय वाटत असेल! शंभर वर्षांत एकदा म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता, सलग दोन वर्षंही येऊ शकतो, हे लोकांना कुणी समजावून सांगत नाही, आणि मागच्या पावसावरून काढलेल्या शक्यता पुढच्या पावसाला लागू पडतील की नाही हा वेगळाच प्रश्न. सुतारवाड्यातल्या किंवा शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, बंधाऱ्यावर किती फूट झालं की पाणी त्याच्या कुठल्या पायरीला लागतं हे तो सांगेल, जयंती नाल्यातून पाणी उलटं कधी फिरतं तेही सांगेल. हा डेटाच आहे, आणि सॅटेलाइटपेक्षा बारीक आहे. फक्त तो कुठं लिहिलेला नाही म्हणून मॉडेलच्या लेखी नाहीच.

आता सॅटेलाइटवरून पंचनाम्याचं. पावसाळ्यात साधा कॅमेरेवाला उपग्रह काही कामाचा नाही, खाली ढगच ढग. म्हणून रडारवाला सेंटिनेल-१ वापरतात, त्याला ढग आडवे येत नाहीत, रात्र आडवी येत नाही. सपाट पाण्यावर पडलेली रडारची लहर पलीकडं निघून जाते, उपग्रहाकडं परत येत नाही, म्हणून पूर काळा दिसतो आणि मॉडेल तो काळा भाग मोजून इतके हेक्टर पाण्याखाली असं सांगतं. भाताच्या मोकळ्या खाचरात हे छान चालतं. पण आपल्याकडं नदीकाठाला काय आहे? ऊस. दाट वाढलेला आडसाली, म्हणजे आदल्या पावसाळ्यात लावलेला, ऊस उभा असला की साडेपाच सेंटिमीटरची ती लहर पानांवरच आपटून परत येते, खाली कमरेएवढं पाणी असलं तरी तिला दिसत नाही. गावठाणात पण तीच गत, भिंत आणि पाणी यांच्या कोपऱ्यातून लहर परत उसळते आणि पुरात असलेली गल्ली चित्रात उलट पांढरी दिसते. शिवाय एक उपग्रह त्याच जागेवर परत यायला बारा दिवस लागतात, जोडीला दुसरा असला तर मध्ये अजून एक फेरी, आणि पाणी काही उपग्रहाची वेळ बघून चढत नाही.

आमची पोरं २०२१ च्या पुरानंतर दिवाळी झाल्यावर असाच एक सॅटेलाइटवरून काढलेला नकाशा घेऊन प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या शिवारात फिरली, मीही बरोबर होतो. नकाशात एक पट्टा कोरडा दाखवलेला. तिथं गेलो तर ऊस उभा होता, पण शेंडे वाळून गेलेले, कांड्यांवर पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटलेल्या, आणि पानांच्या देठापाशी वाळलेल्या गाळाचा पांढुरका थर, बोटानं खरवडला तर पीठ झाल्यासारखा निघत होता. मालक बांधावर उभे होते. नकाशा बघून म्हणाले, “ह्यो कागुद कुणी काढला? माझा ऊस शेंड्यापत्तोर पाण्यात हुता, पोंग्यात गाळ बसून कुजला, आन् ह्यात कोरडं म्हनतंय. आता ह्येच्यावर पैसं द्याचं ठरलं तर मी कुठं जायाचं?” त्या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडंच उत्तर नव्हतं. मुलांनी मग त्या शिवारातल्या उसावरच्या गाळाच्या खुणा टेपनं मोजून वहीत घेतल्या. माझ्या मते त्या वहीची किंमत त्या रंगीत नकाशापेक्षा जास्त आहे. ३० जुलै २०२५ ला इस्रो आणि नासानं मिळून निसार उपग्रह सोडलाय, त्यातली एक लहर २४ सेंटिमीटरची आहे, ती पिकाच्या पानांतून बरीच खाली जाते, त्यामुळं उसाखालचं पाणी पुढं जास्त नीट दिसेल अशी आशा आहे. पण तेव्हाही कुणीतरी शेतात जाऊन पाणी खरंच होतं का हे सांगितल्याशिवाय मॉडेल शिकणार कशावरून?

उसाच्या एआयबद्दल पण लिहितो, कारण बारामतीच्या ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टबरोबर केलेलं काम आपल्याकडं बऱ्याच शेतकऱ्यांनी जाऊन बघितलंय आणि राज्य सरकारनंही २०२५ मध्ये शेतीसाठी एआयचं वेगळं धोरण आणलंय. पाणी वाचलं, खत कमी लागलं तर कुणाला नको आहे. पण एक साधी गोष्ट ध्यानात ठेवावी. कॅमेरेवाल्या सेंटिनेल-२ च्या चित्रातला सगळ्यात लहान ठिपका दहा मीटर बाय दहा मीटरचा, म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा. त्या एका गुंठ्यात काय काय आहे त्याची सरमिसळ होऊन एकच रंग येतो. लँडसॅटचा ठिपका नऊ गुंठ्यांचा. आपल्याकडं भावाभावांत वाटण्या होऊन वीस गुंठ्यांची लांबट पट्टी, त्यात निम्म्यावर खोडवा (तोडणीनंतर परत फुटलेला ऊस), निम्म्यावर सुरू हंगामातली नवी लागण, कडेला चार सऱ्या मका, बांधावर नारळ. अशा पट्टीत स्वच्छ, एकाच पिकाचे ठिपके मिळतात किती? कडेचे सगळे ठिपके शेजाऱ्याचं पीकही थोडं थोडं घेऊन बसलेले. शंभर-शंभर एकराच्या शेतांवर शिकलेलं मॉडेल इथं आणलं तर ते चुकणार, आणि आपल्याच जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि शिरोळला पाच-सहाशे, म्हणजे गगनबावड्याचं शिरोळलासुद्धा लागू पडेल असं नाही.

आणि ते टक्के. प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये ‘मॉडेलची अचूकता ९५ टक्के’ असं काहीतरी असतंच. हे टक्के काढले कसे ते विचारायला शिकलं पाहिजे. बऱ्याचदा एकाच शेतातले काही ठिपके मॉडेलला शिकवायला वापरतात आणि त्याच शेतातले शेजारचे ठिपके परीक्षेला. भूगोलात टोब्लर नावाच्या अभ्यासकानं १९७० मध्येच मांडून ठेवलंय की सगळ्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध असतो पण जवळच्यांचा जास्त. शेजारचा ठिपका जवळजवळ तसाच असणार, मग मार्क पडणारच, गाइडमधले प्रश्न जसेच्या तसे पेपरात आल्यावर पडतात तसे. खरी परीक्षा म्हणजे कागलवर शिकवायचं आणि आजऱ्यात तपासायचं. तसं केलं की तेच आकडे बरेच खाली येतात.

आता डोंगराकडं येऊ. पन्हाळ्यापलीकडं मसाई पठार आहे, पन्हाळा ते पावनखिंड चालत गेलेल्या सगळ्यांना माहीत आहे. मे महिन्यात वर गेलात तर काळा-तांबडा कातळ, पायाखाली नुसता चटका. आणि ऑगस्ट-सप्टेंबरात तोच सडा, म्हणजे कातळाचं पठार, गेंदाच्या पांढऱ्या बोंडांनी, सीतेच्या आसवांच्या जांभळ्या फुलांनी, कवल्याच्या पिवळ्यानं भरून जातो, बोटभर पाण्याच्या डबक्यांत बेडूक, खालच्या वाड्यांचे झरे त्याच कातळातून मुरलेल्या पाण्यावर. पण नेमकं त्याच महिन्यांत वर ढग. कॅमेरेवाल्या उपग्रहाला स्वच्छ चित्र मिळतं ते नोव्हेंबरपासून मेपर्यंत, म्हणजे पठार वाळत चाललेलं किंवा वाळलेलं असतानाचं. त्या चित्रावरून वर्गवारी केली की निघतं ‘खडकाळ पडीक’, आणि सरकारी पडीक जमिनीच्या नकाशांत सह्याद्रीतले सडे वर्षानुवर्षं याच रकान्यात बसलेत. पडीक म्हटलं की मग तिथं सोलर टाका, खाण काढा, रिसॉर्ट बांधा, कुणाचं काय जातंय. एआयला शिकवायला आपण हेच जुने नकाशे उत्तरपत्रिका म्हणून देतो. म्हणजे जी चूक एका ऑफिसच्या एका कागदावर होती ती आता हजारो ठिकाणी सेकंदात होणार, आणि कुणी विचारलं तर ‘मॉडेलनं सांगितलं’ हे उत्तर तयार.

पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा, म्हणजे खाणी आणि मोठी बांधकामं यांवर जिथं निर्बंध येणार त्या भागाचा, वाद तरी काय आहे? आपल्याकडं शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड भागात त्यावर किती सभा झाल्या. राजकारण बाजूला ठेवून भूगोलाच्या नजरेनं बघा. २०११ च्या गाडगीळ समितीनं घाटाचे साधारण नऊ किलोमीटर बाय नऊ किलोमीटरचे चौकोन पाडले आणि त्यांना संवेदनशीलतेप्रमाणं दर्जा दिला. २०१३ च्या कस्तुरीरंगन समितीनं २४ मीटरच्या सॅटेलाइट डेटावरून नैसर्गिक भाग आणि माणसानं वापरलेला भाग वेगळा केला आणि घाटाचा साधारण ३७ टक्के, जवळजवळ साठ हजार चौरस किलोमीटर भाग संवेदनशील धरला. एक चौकोन इतका मोठा की त्यात अख्खी गावं गुडूप, दुसरा ठिपका पावणेसहा गुंठ्यांचा, ज्यात चार गुंठ्यांची देवराई हरवून जाते आणि बाहेरून जंगलासारखी दिसणारी लागवड जंगल म्हणून बसू शकते. वरून नियम असा की गावाचा २० टक्के किंवा जास्त भाग संवेदनशील निघाला तर अख्खं गाव यादीत. ज्या गावाची हद्द डोंगरावर लांबपर्यंत गेलीय ते आत, शेजारचं बाहेर, आणि डोंगर तर दोघांचा एकच. रेषा कुठं ओढली यावर आकडे कसे बदलतात हे आम्ही वर्गात शिकवतो, इथं लोकांच्या जमिनीवर घडताना दिसतं. मला स्वतःला वाटतं घाट वाचलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण पहिली मसुदा अधिसूचना २०१४ ची आणि सहावी जुलै २०२४ ची, इतकी वर्षं गाडी अडकली त्यात एक कारण हेही आहे की नकाशा लोकांपुढं त्यांच्या भाषेत, त्यांच्या गट नंबरांसकट कधी नीट ठेवलाच नाही. लोकांनी अफवांवर मत बनवलं, आणि त्यात नुकसान डोंगराचंच झालं.

जुलै २०२३ मध्ये रायगडमधल्या इर्शाळवाडीवर रात्री दरड कोसळली. दरडप्रवण गावांच्या यादीत ती वाडी नव्हती, हे तेव्हा विधानसभेतच सांगितलं गेलं. नकाशात धोका नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही, कुणी तिथं जाऊन बघितलेलं नाही असाही होऊ शकतो. आपल्या भुदरगड, राधानगरी, शाहूवाडीतल्या डोंगरकडेच्या वाड्यांची यादी उद्या कुणी एआयनं करणार असेल तर जरूर करावी, पण जमिनीला भेग पडलीय, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ यायला लागलंय, खांब कलतोय हे बघणारे डोळे गावातच आहेत, त्यांचा फोन घेणारं कुणीतरी पाहिजे.

अजून दोन गोष्टी थोडक्यात. पुराच्या दिवसांत जुने आणि भलतीकडचे व्हिडिओ कसे फिरतात ते आपण बघतोच, आता सॅटेलाइटची चित्रंसुद्धा बनावट करता येतात. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्येच एका शहराच्या नकाशावर दुसऱ्या शहराचं रूप चढवून हुबेहूब खोटी उपग्रहचित्रं तयार करून दाखवली होती, लोकांनी सावध व्हावं म्हणून. तेव्हापासून तंत्र किती पुढं गेलंय ते सांगायला नको. दुसरं, शेताचा डेटा कुणाचा? माझ्या उसाचं वजन किती भरणार हे माझ्या आधी दुसऱ्या कुणाला कळत असेल तर दराच्या बोलणीत कोण वरचढ राहणार हे उघड आहे. सही करायच्या आधी शेतकऱ्यानं हे विचारावं आणि कंपनीनं मराठीत लिहून द्यावं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या नकाशावरून लोकांचं काही ठरणार, भरपाई, परवानगी, स्थलांतर, काहीही, त्या नकाशावर चित्र कुठल्या तारखेचं, ठिपका किती गुंठ्यांचा, प्रत्यक्ष किती ठिकाणी आणि कुणी जाऊन तपासलं, आणि उंचीत चूक किती असू शकते हे मराठीत छापलेलं पाहिजे. शहराचा विकास आराखडा करताना तो आधी प्रसिद्ध करतात, हरकती-सूचना मागवतात, सुनावणी घेतात. मग एआयच्या नकाशाला ही पायरी का नको? तो ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा, ग्रामसभेत ठेवा, लोक चूक दाखवतील ती दुरुस्त करा, आणि ती दुरुस्ती परत मॉडेलला शिकवा. त्यानं मॉडेल सुधारेलच, उगाच कुणाचा वेळ जाणार नाही. धरणांचे दरवाजे, विसर्ग आणि बंधाऱ्यांच्या पातळ्या तासातासाला एका जागी खुल्या करा, मागच्या पुरांच्या नोंदींसकट, मग आपल्या विद्यापीठातली, इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरंच पंचगंगेचं चांगलं मॉडेल करून दाखवतील.

आणि एक काम तर लगेच होण्यासारखं आहे, त्याला मोठा खर्चही नाही. २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा अजून भिंतींवर, खांबांवर, देवळांच्या कट्ट्यांवर आहेत, पण दर दिवाळीला रंगाखाली जातायत. रोव्हरनं, म्हणजे जमीन मोजायच्या अचूक जीपीएस यंत्रानं, एकेका खुणेची उंची काही सेंटिमीटरपर्यंत मोजता येते, भूमी अभिलेख खात्याकडं मोजणीसाठी रोव्हर आहेतच. ते सुट्टीच्या दिवशी मिळाले आणि पालिकेनं, ग्रामपंचायतींनी परवानगी दिली तर जिल्ह्यातल्या भूगोलाच्या विद्यार्थ्यांना घेऊन कसबा बावड्यापासून शिरोळपर्यंत गावोगाव खुणा मोजून टाकू, सगळा डेटा खुला ठेवू, कुणीही वापरावा. तोवर ज्यांच्या घरावर अशी खूण आहे त्यांना हात जोडून विनंती, यंदा भिंत रंगवायच्या आधी एक फोटो काढा, रस्त्यापासून खुणेपर्यंतची उंची टेपनं मोजा, तारीख आणि गल्लीचं नाव लिहून जपून ठेवा.

आपला,
भूगोलाचा एक प्राध्यापक, कोल्हापूर